न्याहारी आणि रस्ता : जव्हार-मोखाड्याच्या इतिहासांतील एक प्रकरण

राजांच्या वंशावळी, लढायांचे दिवस आणि तहांचीं कलमें यांसच इतिहास म्हणण्याची संवय आपणांस फार जुनी आहे. मनुष्य सकाळीं उठल्यापासून दुपारचें पान वाढलें जाईपर्यंत काय खातो, कोठें खातो आणि कोणाच्या हातचें खातो, हा प्रश्न इतिहासकारास क्षुल्लक वाटतो. परंतु एखाद्या मुलखाचा खरा जमाखर्च पहावयाचा असेल, तर त्याच्या दरबारी दप्तराइतकेंच त्याच्या न्याहारीकडेहि लक्ष दिलें पाहिजे. ठाणें जिल्ह्याचें विभाजन होऊन १ ऑगस्ट २०१४ रोजीं जो पालघर जिल्हा अस्तित्वांत आला, त्यांतील जव्हार व मोखाडा हे दोन तालुके या दृष्टीनें फार बोधप्रद आहेत.

या विषयाचें निमित्त मात्र अगदीं आजचें आहे. विरार, नालासोपारा, पालघर, बोईसर या बाजूस गेल्या कांहीं दशकांत ज्या नव्या वसाहती उठल्या, त्यांतील कित्येक रेल्वेच्या स्थानकापासून दूर, कालपरवांपर्यंत जेथें भाताचीं खाचरें होतीं अशा जमिनींवर उभ्या आहेत. तेथें घर ऐसपैस मिळतें, हवा बरी असते आणि किंमत मुंबईपेक्षां कमी पडते. परंतु दारांतून पायीं निघून सहज पोंचावें असें ठिकाण जवळपास नसतें. मुलास शाळेंत सोडावयाचें तर वाहन, भाजी आणावयाची तर वाहन, आणि रविवारीं उशिरां उठून सहकुटुंब कोठें निवांत बसून चार घांस खावे म्हटलें तरीहि वाहनच. मुंबईच्या जुन्या वस्तींतील मनुष्यास कोपऱ्यावरच्या इराण्याकडे चालत जातां येत असे. नव्या उपनगरांतील गृहस्थास मोटार काढावी लागते. आणि एकदां ती काढली म्हणजे जवळचें व दूरचें यांतील भेद फारसा रहात नाहीं. मग तो महामार्गास लागतो, मनोरपाशीं वळतो, विक्रमगड मागें टाकून चढण चढतो आणि दहा-अकराच्या सुमारास जव्हारास येऊन विचारतो, 'येथें खावयास चांगलें कोठें मिळेल?'

प्रश्न साधा आहे. परंतु या मुलखानें निरनिराळ्या काळीं त्याला जीं उत्तरें दिलीं आहेत, तीं पाहिलीं म्हणजे रस्ता, भूक आणि पैसा यांचें नातें चांगलें ध्यानांत येतें.

प्रथम शब्दाचा विचार करूं. न्याहारी व दुपारचें जेवण यांच्या मधल्या वेळच्या खाण्यास इंग्रजींत 'ब्रंच' म्हणतात. 'ब्रेकफास्ट' आणि 'लंच' या दोन शब्दांची मोडतोड करून तो एक शब्द सांधलेला आहे. १८९५ सालीं गाय बेरिंजर नांवाच्या लेखकानें 'हंटर्स वीकली' या पत्रांत या नव्या जेवणाची वकिली केली. रविवारीं प्रार्थनेहून परत आल्यावर मांसाचें जड जेवण घेण्याच्या इंग्रजी रिवाजास तो कंटाळला होता. त्याऐवजीं उशिरां उठावें, चहा अथवा कॉफीनें आरंभ करावा, आणि मग हळूहळू भरीव पदार्थांकडे वळावें. शनिवारच्या रात्रीं जागरण करणाऱ्यांस त्यानें मोठा दिलासा मिळेल, अशी त्याची बाजू होती. म्हणजे ब्रंच हें जन्मतःच सुटीचें, स्वास्थ्याचें आणि उशिरां उठणाऱ्याचें खाणें होय.

आपली न्याहारी साधारण त्याच वेळची. शहरांत हल्लीं उठल्याबरोबर जें खातात त्यास न्याहारी म्हणूं लागले आहेत. परंतु शेतकऱ्याच्या घरीं न्याहारी म्हणजे सकाळचें काम बरेंच झाल्यावर, नऊ-दहाच्या सुमारास, बांधावर बसून खाल्लेली भाकरी. दिवस उगवण्यापूर्वीं जो उठला आहे, ज्यानें गुरें सोडलीं आहेत, नांगर धरला आहे किंवा लाकडाची मोळी तोडली आहे, त्याचें हें खाणें. घड्याळांतील वेळ एकच असली, तरी ब्रंच आणि न्याहारी यांच्यामागील दिवस इतके निरनिराळे आहेत. जव्हारास येणारा पाहुणा जें शोधीत असतो तें पहिल्या जातीचें, आणि त्या मुलखाजवळ पूर्वापार जें आहे तें दुसऱ्या जातीचें. म्हणूनच त्याच्या प्रश्नाचें उत्तर सोपें नाहीं.

आतां त्या भूमीकडे वळूं. कोंकणची सखल पट्टी आणि सह्याद्रीचा माथा यांच्या मध्यें जी एक रुंद पायरी आहे, तिच्यावर हे दोन तालुके वसले आहेत. जव्हार गांव समुद्रसपाटीपासून सुमारें साडेचारशें मीटर उंचीवर आहे; तेथून पूर्वेस मोखाडा सुमारें पंचवीस किलोमीटर, आणि पुढें घाट चढला म्हणजे त्र्यंबकेश्वर. पावसाळ्यांत येथें पाणी कोसळतें. परंतु उतार तीव्र, खडक कठीण आणि माती पातळ असल्यामुळें तें वैतरणा, पिंजाळ, वाघ, सूर्या या नद्यांच्या दऱ्यांतून धांवत निघून जातें, आणि चैत्र-वैशाखांत पाण्याच्या हंड्यासाठीं बायांना डोंगर चढउतार करावा लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकांत या पठाराच्या दोन्ही अंगांस आगगाडी आली. पश्चिमेस सुरतेकडून येणारा लोहमार्ग १८६४ सालीं मुंबईस पोंचला. पूर्वेस थळ घाट चढून गाडी १८६५ सालीं इगतपुरीस गेली. दोहोंच्या मधल्या या उंचवट्यावर मात्र ती कधींच चढली नाहीं. आजहि या दोन तालुक्यांत रेल्वेचें एकहि स्थानक नाहीं. जें येतें-जातें तें रस्त्यानें. आज नव्या उपनगरांतील मनुष्य ज्यास वाहनाची परवशता म्हणतो, ती या डोंगरी मुलखास नवी नव्हे. फरक इतकाच कीं, येथें वाहन नसेल त्याचे पाय हेंच वाहन होतें.

राज्यकारभाराच्या दृष्टीनें हे दोन शेजारी शेंकडों वर्षें एकमेकांपासून वेगळे राहिले. जव्हार हें मुकणे घराण्याचें कोळी राज्य. मूळ पुरुष जायबा मुकणे. बैलाच्या एका कातड्यांत मावेल इतकीच जमीन त्यानें मागितली, आणि ती कबूल होतांच कातड्याची बारीक वादी कापून तिनें मोठा मुलूख वेढला, अशी कथा त्याच्याविषयीं सांगतात. कार्थेज नगरीच्या डिडो राणीविषयींहि पाश्चात्त्य पुराणांत अशीच कथा आहे. जायबाच्या मुलास दिल्लीच्या सुलतानाकडून १३४३ सालीं निमशहा हा किताब मिळाला, असें या घराण्याचा इतिहास सांगतो. पुढें मराठ्यांच्या व इंग्रजांच्या काळांत हा मुलूख आटत गेला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं संस्थानाचें क्षेत्र सुमारें ३१० चौरस मैल उरलें. १९०१ सालच्या खानेसुमारींत त्याची लोकसंख्या ४७,५३८ भरली. मोखाडा मात्र इंग्रजी अमलांत, शहापूर तालुक्याचा एक पेटा म्हणून होता. एकीकडे राजा व दुसरीकडे कलेक्टर; परंतु वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी हे लोक दोन्हींकडे तेच, त्यांचें धान्य तेंच, आणि पावसाळ्यांत रिकामी होणारी कणगीहि तीच.

अशा मुलखांतून जुन्या काळीं जाणारा प्रवासी काय खात असे? त्याचें उत्तर मराठींतील एका शब्दांत आहे; तो शब्द शिदोरी. आपलें अन्न आपल्या पाठीवर, आपल्याच घरच्या फडक्यांत, हा आपल्याकडील प्रवासाचा पहिला नियम होता. त्याची कारणें दोन. एक म्हणजे वाटेंत विकत मिळणारें शिजलेलें अन्न जवळजवळ नव्हतें. दुसरें म्हणजे असतें तरी पुष्कळांना तें चाललें नसतें. कोणाच्या हातचें पाणी चालतें आणि कोणाच्या हातची भाकरी चालत नाहीं, याचे निर्बंध इतके कडक होते कीं, परक्या गांवीं ब्राह्मण प्रवासी देवळाच्या ओवरींत स्वतः चूल मांडून भात शिजवी, आणि ज्यास गांवाच्या वेशींत प्रवेशच नव्हता त्याला मिळेल त्या झाडाखालीं बसून आपलें फडकें सोडावें लागे. भोजनगृह उघडण्यास लोकांची भूक पुरत नाहीं. निरनिराळ्या जातींच्या मनुष्यांनीं एका छपराखालीं, अनोळखी हातचें, पैसे देऊन खाण्यास तयार असावें लागतें. ही तयारी मुंबईसारख्या शहरांतहि गिरण्या, आगगाड्या आणि कचेऱ्या आल्यावर, हळूहळू आणि कुरकुरत झाली. डोंगरांत ती होण्यास आणखी कित्येक वर्षें लागावीं यांत नवल नाहीं.

शिवाजी महाराज १६६४ च्या जानेवारींत सुरतेवर गेले, ते याच मुलखांतून. जव्हारजवळ शिरपामाळ नांवाचें एक पठार आहे. तेथें राजे विक्रमशहा यांनीं महाराजांचें स्वागत करून त्यांस शिरपेंच अर्पण केला आणि त्यावरून त्या माळास हें नांव पडलें, असें तेथील परंपरा सांगते. शिरपेंचाची आठवण लोकांनीं जतन केली. त्या हजारों स्वारांनीं त्या सकाळीं काय खाल्लें, याची आठवण कोणीं ठेविली नाहीं. परंतु जलद कूच करणारी फौज खोगिराबरोबर आणलेल्यावर आणि वाटेंतील मुलखानें पुरविलेल्यावर चालते, हें युद्धशास्त्रांतील जुनें सत्य आहे. आणि या मुलखाजवळ पुरविण्यासारखें जें होतें, तें नागली, वरई आणि थोडा भात याहून निराळें असण्याचा संभव नाहीं.

मोठ्या फौजा क्वचित्, परंतु यात्रेकरू दरवर्षीं. पौष वद्य एकादशीस त्र्यंबकेश्वरीं निवृत्तिनाथांची यात्रा भरते, आणि तिच्यासाठीं कोंकणपट्टींतील दिंड्या हा चढ चढून जातात. वाटेवरच्या गांवांनीं दिंडीस भाकरी घालावी, हा रिवाज वारकरी पंथांत सर्वत्र आहे. विकत न मिळणारी न्याहारी येथें धर्म म्हणून मिळते. म्हणजे जुन्या व्यवस्थेंत परक्यास खावयास मिळण्याचे मार्ग दोनच होते: शिदोरी आणि आतिथ्य. दुकान हा तिसरा मार्ग अजून निघावयाचा होता.

आतां त्या न्याहारीचेंच स्वरूप पाहूं. नाचणीस या भागांत नागली म्हणतात. ती उतारावरच्या हलक्या जमिनींत पिकते. उन्हाळ्यांत पालापाचोळा व शेण जाळून राब करावयाचा, पहिल्या पावसावर त्यांत बीं टाकावयाचें, रोपें वर आलीं म्हणजे भर पावसांत वांकून त्यांची लावणी करावयाची, आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास कणसें खुडावयाचीं, असा तिचा क्रम आहे. भाताला जशी पाणी धरून ठेवणारी बांधाची जमीन लागते, तशी हिला लागत नाहीं; म्हणून जमीनदाराच्या व सावकाराच्या हातीं खालचीं खाचरें गेल्यावर ज्यांच्या वांट्यास माथ्यावरचा उतार राहिला, त्यांना नागलीनेंच जगविलें. तिला कीड सहसा लागत नाहीं, आणि नीट ठेविली तर ती वर्षानुवर्षें टिकते. तांदळापेक्षां तिच्यांत कॅल्शियम कितीतरी पटींनीं अधिक असतें, हें आहारशास्त्रज्ञांनीं पुढें सांगितलें. पण ती खाल्ल्यावर भूक लौकर लागत नाहीं, हें त्यापूर्वीं शेंकडों वर्षें खाणारास ठाऊक होतें.

तिची भाकरी काळसर तांबूस, मातीच्या तव्यावर भाजलेली. तिच्याबरोबर लाल मिरची व मीठ वाटून केलेली चटणी, कधीं उडदाचें पातळ वरण, कधीं बाजारांतून आणलेली सुकी मासळी. पावसाळ्यांत रानांतला टाकळा, शेवळ, करटोली आणि बांबूचे कोवळे कोंब. सकाळीं घाई असेल तेव्हां नागलीच्या पिठाची आंबील. ही न्याहारी घरांतून शेतावर जाते. दुकानांत येत नाहीं. ती विकण्याचें कोणास सुचलें नाहीं, कारण ती ज्यांच्या घरीं होती त्यांना विकत घेण्याचें कारण नव्हतें, आणि जो वाटसरू येई तो आपली शिदोरी घेऊन येई. म्हणून जव्हार-मोखाड्यांत 'न्याहारी कोठें मिळते?' या प्रश्नाचें खरें उत्तर शतकानुशतकें 'प्रत्येक घरीं मिळते, बाजारांत नाहीं' असेंच होतें.

परंतु येथें थांबलों तर या लेखास गोड खोटेपणाचा दोष लागेल. 'प्रत्येक घरीं मिळते' हें वाक्य वर्षाच्या बाराहि महिन्यांस लागू नव्हतें. आषाढ, श्रावण, भाद्रपद हे तीन महिने या मुलखांत लावणीच्या मरणाच्या मेहनतीचे, आणि नेमक्या त्याच महिन्यांत गेल्या वर्षींचें धान्य सरलेलें असतें व नवें अजून शेतांत असतें. त्या वेळीं घर चालविण्यासाठीं सावकाराकडून जें धान्य उसनें आणावें लागे, त्यास खावटी म्हणतात. खाण्यासाठीं म्हणून घेतलेलें तें खावटी. पिकें आलीं म्हणजे ती वाढीसुद्धां फेडावयाची. म्हणजे कार्तिकांत कणगी भरते न भरते तोंच ती निम्मी रिकामी. पुढील श्रावणांत पुन्हां खावटी. ज्या शेतकऱ्यानें नागली पिकविली त्याचीच बायको नागलीवांचून लावणीस जाई, हें या मुलखाच्या न्याहारीचें दुसरें अंग होय. स्वराज्यांत सरकारनें खावटीचें कर्ज स्वतः देण्याची योजना काढली, आणि २०२० सालीं करोनाच्या साथींत त्याचें अनुदान करून कुटुंबास चार हजार रुपयांचें साहाय्य मंजूर केलें. योजना बदलल्या, तरी शब्द तोच राहिला. यावरूनच त्या गरजेचें वय किती, हें समजावें.

१९९२-९३ सालीं जव्हार तालुक्यांतील वावर-वांगणी या गांवांतून कुपोषणानें बालकें दगावल्याच्या बातम्या आल्या, तेव्हां सगळा महाराष्ट्र हादरला. मुंबईहून दीडशें किलोमीटरच्या आंत मुलें अन्नावांचून मरतात, हें पुष्कळांना खरें वाटेना. मंत्री आले, वार्ताहर आले, न्यायालयांत अर्ज झाले. वावर-वांगणीपर्यंत मोटारी जाण्यास तें एक कारण पुरलें. त्यानंतरहि मोखाडा आणि जव्हार हीं नांवें पावसाळ्यामागून पावसाळा याच विषयाच्या बातम्यांत येत राहिलीं. जेथें आई मजुरीस जाते आणि मूल दोन वर्षांच्या बहिणीजवळ नव्हे तरी सात वर्षांच्या बहिणीजवळ ठेवावें लागतें, तेथें घरांत धान्य असूनहि मुलाच्या तोंडांत वेळेवर घांस पडेलच असें नसतें. आणि आजार, अवघड वाट व दूरचा दवाखाना हीं त्यांत भर घालतात.

यांतून या मुलखांत जें एक नवें खाणें जन्मास आलें, त्याची नोंद न्याहारीच्या इतिहासांत अवश्य केली पाहिजे. १९७५ सालीं देशांत अंगणवाड्या सुरू झाल्या. २००१ च्या नोव्हेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें शाळांतून मुलांना शिजलेलें जेवण देण्याचा हुकूम केला. २०१५ सालीं महाराष्ट्र सरकारनें आदिवासी भागांतील गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बायांसाठीं अंगणवाडींतच एक वेळचें चौरस जेवण देण्याची अमृत आहार योजना डॉ. अब्दुल कलाम यांच्या नांवानें काढली. भाकरी अथवा पोळी, भात, डाळ, भाजी, अंडें असें तें जेवण. न्याहारी झाली नाहीं आणि दुपार अजून दूर आहे, अशा वेळीं पाड्यावरचीं पोरें हातांत ताटली घेऊन जेथें जातात, तें ठिकाण अंगणवाडी. न्याहारी आणि जेवण यांच्या मधलें खाणें असा ब्रंच शब्दाचा अक्षरार्थ घेतला, तर जव्हार-मोखाड्यांतील बहुसंख्य मुलांचें तें खाणें हेंच होय. तें रोज मिळालें, ऊन मिळालें आणि पुरेसें मिळालें, तर मूल वाढतें. धान्य उतारावरच्या पाड्यापर्यंत पोंचलें नाहीं, सेविकेचें मानधन अडकलें किंवा बिलें थकलीं, कीं ताटली रिकामी रहाते. आतिथ्य आणि दुकान यांखेरीज खाण्याचा हक्क नांवाचा आणखी एक मार्ग असूं शकतो, हें या मुलखास अशा प्रकारें कळलें. आणि तो मार्गहि शेवटीं रस्त्यावरच अवलंबून आहे.

आतां दुकानाकडे येऊं. १९४८ हें साल येथें दोन प्रकारें महत्त्वाचें आहे. त्या वर्षीं जव्हार संस्थान मुंबई इलाख्यांत विलीन झालें. आणि त्याच वर्षीं १ जून रोजीं पुणें व अहमदनगर यांच्या दरम्यान सरकारी एस. टी. ची पहिली गाडी धांवली. पुढें ती लाल गाडी जेव्हां या डोंगरांत नियमानें येऊं लागली, तेव्हां खाण्याच्या व्यवहारांत एक शांत क्रांति झाली. गाडी थांबते तेथें मनुष्यें उतरतात; उतरतात त्यांना चहा लागतो; चहाजवळ तळणाची कढई येते. स्टँडभोंवतीं चहा, वडा, भजीं, मिसळ आणि पाव विकणारीं दुकानें उभीं राहिलीं, आणि एकाच बांकावर वारली मजूर, शाळामास्तर, वनखात्याचा शिपाई व लग्नास निघालेली मंडळी शेजारीं शेजारीं बसून खाऊं लागलीं. शेंकडों वर्षांच्या सोवळ्यानें जें होऊं दिलें नव्हतें, तें दहा मिनिटांच्या थांब्यानें घडविलें. या सुधारणेचें श्रेय एस. टी. ला फारसें कोणी देत नाहीं.

परंतु या दुकानांत एक गोष्ट सहसा नसते, ती म्हणजे नागलीची भाकरी. बटाटा, मैदा, बेसन, साखर, चहा हें सारें खालून, घाटाखालच्या बाजारांतून येतें. स्टँडवरचें दुकान प्रवाशाकडे तोंड करून बसलेलें असतें. त्याच्या पाठीमागच्या डोंगरांत काय पिकतें, याच्याशीं त्यास कर्तव्य नसतें. म्हणून रस्त्यानें जव्हारास पाव दिला, परंतु जव्हारची भाकरी बराच काळ बाहेर काढली नाहीं. शिवाय शिधावाटपाच्या दुकानांतून स्वस्त तांदूळ व गहूं मिळूं लागल्यावर घरांतहि नागलीचा मान थोडा उतरला. काळी भाकरी म्हणजे गरिबीची खूण, अशी समजूत शाळेंत शिकलेल्या पोरांत पसरली.

खासगी मोटारींचा काळ आला तेव्हां हें चक्र पुन्हां फिरूं लागलें. दाभोशाचा धबधबा, जयविलास राजवाडा, हनुमान पॉइंट पहावयास येणारांची संख्या वाढली, विशेषतः पावसाळ्यांतील शनिवार-रविवारीं. या पाहुण्यांना मैद्याचा पाव नको असतो, कारण तो त्यांच्या वसाहतीखालींच मिळतो. त्यांना हवी असते 'इथली' भाकरी. संयुक्त राष्ट्रांनीं २०२३ हें भरड धान्यांचें वर्ष म्हणून जाहीर केल्यावर तर शहरांतील वैद्य, वर्तमानपत्रें आणि दुकानदार यांनीं नाचणीचे गुण एकमुखानें गाइले. जी भाकरी कालपर्यंत लाजेनें झांकली जाई, ती आतां पाहुण्यास पुढें करण्याजोगी झाली. न्याहारी विकत मिळूं लागली, आणि ती मिळण्यास कारण वाहन झालें.

यांत वाईट असें कांहीं आहे काय? आमच्या मतें नाहीं. जी बाई आपल्या चुलीवरची भाकरी योग्य दरानें पाहुण्यास विकते, तिच्या हातीं चार पैसे येतात, आणि नागली लावण्यास कारण रहातें. परंतु ज्या श्रावणांत पाहुणे धबधब्यास येतात, तोच श्रावण खावटीचा आहे, ही गोष्ट विसरतां येत नाहीं. त्या महिन्यांत पाहुण्याच्या ताटांत पडणारी भाकरी जर गृहिणीच्या शेवटच्या पायलीची असेल, तर तो व्यापार नव्हे. जुन्या सावकारीचेंच तें हंसतमुख रूप होय. पाहुण्यानें किंमत नीट द्यावी, आणि त्या किमतींत पुढच्या महिन्याचें धान्य यावें, एवढी काळजी दोहों बाजूंनीं घेतली पाहिजे.

आणि रस्ता एकाच दिशेनें चालत नाहीं. दिवाळी झाली, खळें आटोपलें, म्हणजे या दोन तालुक्यांतील पाड्यांवरून कुटुंबेंच्या कुटुंबें भांडींकुंडीं व पोरेंबाळें घेऊन खालीं उतरतात. भिवंडी, वसई, कल्याण या बाजूच्या वीटभट्ट्यांवर, रेतीवर आणि इमारतींच्या कामांवर तीं होळीपर्यंत, कित्येक वेळां पावसाळ्याच्या तोंडापर्यंत रहातात. ज्या नव्या उपनगरांत न्याहारीचें ठिकाण पायीं सांपडत नाहीं, त्या उपनगरांच्या भिंतींतील विटा पुष्कळ अंशीं याच हातांनीं थापलेल्या आहेत. भट्टीवर पहांटे तीनला काम सुरू होतें आणि दिवस वर आला म्हणजे पालाच्या आडोशास तीन दगडांची चूल पेटते. तीच त्यांची न्याहारी. गांवची अंगणवाडी गांवीं राहिलेली असते. तेव्हां मुलाच्या ताटलीचें काय, हा प्रश्न त्याच्याबरोबर घाट उतरून येतो.

मनुष्यांप्रमाणें पाणीहि उतरतें. वैतरणेवरील धरणांनीं मुंबईची तहान भागविली. त्यांतील मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यांत कोचाळे येथें बांधून २०१४ सालीं पुरें झालें. मुंबईंतील घरांत सकाळच्या चहाचें जें आधण ठेवतात, त्यांत या डोंगरांतील पावसाचा वांटा आहे. आणि त्याच मोखाड्यांतील पाड्यांना उन्हाळ्यांत टँकरची वाट पहावी लागते.

या सर्व हकीकतीचा निष्कर्ष काय? जायबाच्या कथेंतील कातड्याच्या वादीप्रमाणें रस्ता हीहि एक बारीक पट्टीच आहे. तिनें किती मुलूख वेढला जातो हें ती कोणाच्या हातीं आहे त्यावर ठरतें. मोटारीच्या रस्त्यानें या पठारास शाळा दिली, दवाखाना दिला, एका बांकावर बसून खाण्याची समता दिली. हें ऋण मान्य केलें पाहिजे. पण रस्ता झाला म्हणजे प्रगति झाली, असें आपण जें सहज म्हणतों, त्यास येथें एक कसोटी लावतां येते. खाणारांना अन्नापर्यंत नेणें हें रस्त्याचें सोपें काम. तें तो आपोआप करतो, कारण खाणाराजवळ वाहन व पैसा असतो. अन्नास भुकेल्यापर्यंत नेणें हें त्याचें अवघड काम. तें कोणी मुद्दाम करविल्यावांचून होत नाहीं.

उपनगरांतील वाचकानें एखाद्या रविवारीं जव्हारास अवश्य जावें, आणि मिळेल तेथें नागलीची भाकरी खावी. ती चवीस उत्तम असते, आणि तिच्यावर लोण्याचा गोळा नसला तरी चालतो. मात्र 'येथें खावयास चांगलें कोठें मिळेल?' हा प्रश्न विचारून झाल्यावर, येथें श्रावणांत कोणाच्या घरीं काय शिजतें, हेंहि त्यानें विचारावें. पहिल्या प्रश्नाचें उत्तर स्टँडवर मिळतें. दुसऱ्याचें उत्तर देण्याची जबाबदारी मात्र एकट्या जव्हार-मोखाड्याची नाहीं. त्या विटांच्या घरांत रहाणाऱ्या आणि तें पाणी पिणाऱ्या आपणां सर्वांची आहे.